मामांनी नापास केलेली भुतं

न आवडणारी मालिका इतक्या निष्ठेने पाहणारा दुसरा माणूस अख्ख्या नाशिकमध्ये सापडणार नाही. हे माझ्या बायकोचे मामा. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म तयार माल तपासण्यात घालवला. खोट दिसली की लाल रंगाचा ठिपका आणि ‘रिजेक्ट’. निवृत्तीनंतर ठिपके थांबले, तपासणी थांबली नाही. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बायकोच्या भाकरीची जाडी त्यांनी खिशातल्या व्हर्नियरने मोजली होती आणि ‘कडेला जरा मार खाते’ असा निकाल दिला होता. ती अजून त्यांना पोळीच वाढते.

रोज संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर ती भुताटकीची मालिका लागते, तेव्हा मामा दार सताड उघडं ठेवून, आवाज मोठा करून तपासणीला बसतात. त्यांना भुतांचं काही वाटत नाही. राग आहे तो वाटणीचा. ‘बंगल्यातली बाई मेली की तिच्या भुताला नाव, मागचा जन्म, दागिने, सगळं मिळतं,’ ते मला ऐकवतात, ‘आणि गडी मेला तर त्याचं भूतसुद्धा कामालाच! मालकिणीचा निरोप घेऊन येतं.’ भूत प्रथम दिसतं ते वॉचमनला, आणि तोच पहिला मरतो. फकीर येतो, मोरपीस हलवून इशारा देतो आणि निघून जातो. त्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. शहरातल्या डॉक्टरचा कशावरच विश्वास नसतो, म्हणून तो शेवटपर्यंत जगतो. आणि करणी करायची झाली की डोंगरातली मोलकरीण ठरलेली. ‘माझ्या हाताखाली पेठ-सुरगाण्याची, डोंगरातलीच पोरं होती. लेथवर त्यांच्यासारखा हात नाही कुणाचा. एकाने तरी करणी केली का? रिजेक्ट!’ असं ओरडून ते पुढचा भाग न चुकता पाहतात. मी हसायचो. म्हातारपणी माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच.

आमचा जिना झाडणाऱ्या यमुनाताई पेठकडच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या मुलीला दप्तर दिलं होतं. त्याची परतफेड म्हणून जूनच्या सुरुवातीला गावाहून येताना त्यांनी शेवळं आणली. ही डोंगरात उगवणारी रानभाजी, काळपट जांभळ्या दांड्यांची. वहिनी घरी नव्हत्या, म्हणून पळसाच्या पानांत बांधलेली जुडी त्यांनी दाराच्या कडीला अडकवली. नेमकं आदल्याच दिवशी मालिकेतल्या मोलकरणीने पानांचं पुडकं दाराला टांगलं होतं आणि घरातला मुलगा तापाने फणफणला होता. वहिनींच्या मुलालाही त्या दिवशी ताप होता. त्यांनी पुडकं उघडलं, जांभळे दांडे पाहिले आणि किंचाळल्या.

यमुनाताईंना कामावरून काढायचं की नाही, यासाठी दुसऱ्याच दिवशी सोसायटीची सभा बोलावली. सूचनेवर सेक्रेटरी म्हणून सही माझी होती. मी करणीबिरणी मानत नाही. उगाच वाद नको म्हणून सही केली. आज त्याची लाज वाटते.

सभेत मामा उठले, पुरावा म्हणून टेबलावर ठेवलेलं पुडकं उचलून घरी गेले आणि अर्ध्या तासाने ताटली घेऊन परतले. लसणाच्या फोडणीत शेवळं परतून आणली होती. ‘तपासल्याशिवाय माल नाकारायचा नसतो,’ म्हणाले आणि सगळ्यांसमोर खाऊ लागले. चौथ्या घासाला त्यांचा चेहरा लाल झाला. डोळ्यांतून पाणी, घसा धरलेला, तोंडातून शब्द फुटेना. ‘बघा! बघा!’ वहिनी ओरडल्या. खुर्च्या मागे सरकल्या.

यमुनाताई फाटकाशी निकालाची वाट पाहत उभ्या होत्या. गलका ऐकून धावत आल्या, ताटली पाहिली आणि मामांवरच भडकल्या, ‘शेवळं अशी नुसती खात्यात का? घसा खाजंल नाय तर काय व्हईल? जुडीत काकडं ठिवली हुती, ती कुठं हायत?’

काकडं म्हणजे शेवळांबरोबर शिजवायची छोटी, हिरवी, आंबट फळं. त्यांनी भाजीची खाज मरते. मामांनी ती कच्ची म्हणून कचऱ्यात टाकली होती. यमुनाताईंनी चिंचेचं पाणी करून पाजलं तेव्हा त्यांचा आवाज परत आला. पहिलं वाक्य होतं, ‘चूक तपासणाऱ्याची आहे. माल पास.’ सगळे हसले. वहिनी मान खाली घालून बसल्या. यमुनाताईंचं काम टिकलं.

आता त्याला दोन वर्षं झाली. यमुनाताई जिना झाडतात, विचारलं तेवढंच बोलतात. गेल्या वर्षी जूनमध्ये मामांनी त्यांना आडून विचारलं, ‘यंदा शेवळं आली का हो तुमच्याकडे?’

‘आली ना. लय आली. पण नाय आणली, मामा. पुन्हा कुणाच्या पोराला ताप आला तर?’

मामा अजून ती मालिका पाहतात. फक्त दाराबाहेर झाडूचा आवाज आला की टीव्हीचा आवाज बंद करतात. यंदा जून लागताच ते बाजारात गेले आणि मूठभर काकडं घेऊन आले, न जाणो, कधी लागली तर. वाटीत ठेवून वाटी दाराजवळच्या फळीवर ठेवली. जून संपला. काकडं सुकून सुरकुतली आहेत, पण मामांनी ती अजून रिजेक्ट केलेली नाहीत.