गिरणीवाल्या वहिनींचं पुस्तक

आमच्या शेजारच्या गिरणीवाल्या वहिनींना उभ्या कोरेगावात कुणी गप्प बसवू शकलेलं नाही, आणि बसवू शकेल असा माणूस अजून जन्मायचा आहे. दळण न्यायला गेलेल्याला पिठाआधी प्रश्न मिळायचा. "आवं गुरुजी, आंधळ्या सासूला सुनंनं शिळं वाढलं, शेजारणीनं बघितलं. तिनं सांगावं का गप ऱ्हावं?" उत्तर दिल्याशिवाय डबा हाती येत नसे. एकदा घाईत मी "गप्प राहावं" म्हणालो, तर ज्वारीचं पीठ पुढं करत म्हणाल्या, "म्हंजे शिळं वाढणाऱ्यांत तुमी बी आलाच."

असल्या प्रश्नांच्याच वहिनींनी कथा केल्या, जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर. टाईप मी करून दिल्या. पुस्तक सांगलीच्या छापखान्यात जाणार, तोच त्यांचे थोरले दीर गिरणीच्या दारात उभे. शेवटची कथा त्यांच्याच घरातली होती. सासूबाई वारल्या तेव्हा धाकटा दीर सीमेवर होता, रजा मिळण्यासारखी नव्हती. थोरल्यांच्या सांगण्यावरून वहिनी त्याला तीन आठवडे फोनवर "आई झोपल्यात" असंच सांगत राहिल्या. खरं कळलं ते तो घरी आल्यावर.

"ती गोष्ट काढा. घरातलं घरात ऱ्हाऊ द्या," थोरले म्हणाले.

"खोटं माज्या तोंडनं बोलायला लावलंत. आता खरं बी मीच बोलणार."

"मग आमच्या घराची पायरी चढायची न्हाई."

"नका चढू दिऊ. गिरणीला पायरीच न्हाई, भावजी," असं म्हणून वहिनींनी पट्टा चढवला आणि गिरणी चालू केली. थोरले पुढं काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही.

पुस्तक आलं. थोरल्यांनी बोलणं टाकलं ते आजतागायत. महिन्याभरानं धाकटा दीर, आता फौजेतून रिटायर होऊन साताऱ्यात राहणारा, पुस्तक घेऊन गिरणीवर आला. मी तिथंच होतो. तो पोत्यावर टेकला.

"वैनी, शेवटाला आईनं माजं नाव घेतलं, असं लिवलंय. खरं का?"

मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हणा, वहिनी.

"न्हाई रं. शुद्धच न्हवती त्यांना. ते मी घातलं."

तो बराच वेळ मुखपृष्ठावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्यांदा छापलं, तर तेवढं तसंच ऱ्हाऊ द्या."

वहिनी काही बोलल्या नाहीत. नुसत्या त्याच्याशेजारी पोत्यावर बसल्या.