चिठ्ठी माझ्या कनवटीला होती

दोन हजार बावीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी मामनारने पुस्तक लिहिलं. मामनार म्हणजे तमिळमध्ये सासरा. टीव्हीच्या मालिकांत वीस-पंचवीस वर्षं त्याने सासऱ्याचीच कामं केली, म्हणून कुंभकोणमात त्याला ते नाव पडलं. नात्याने माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी लहान. मला अण्णा म्हणायचा. आता तो नाही. असता तर मी हे लिहिलंच नसतं, कारण त्याने यावरूनही लोकांना हसवलं असतं.

त्याची एक खोड होती. रस्त्याने चालताना दिसेल ती पाटी तो मोठ्याने वाचायचा. बसवरची, दुकानावरची, देवळातल्या अन्नदानाच्या फळ्यावरची. हॉटेलात बसलो की काय काय मिळतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवायचा. लोक म्हणत, नट माणूस आहे, आवाज घासून ठेवतो. मला संशय होता. एकदा त्याच्या बायकोला विचारलं, हा घरी पण असाच वाचतो का? ती म्हणाली, घरी तर पेपरसुद्धा मनातल्या मनात वाचतात. त्यानंतर पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

कारण सांगतो. मला तमिळ वाचता येत नाही. दुसरीत शाळा सुटली आणि बापाने चुलीपाशी बसवलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी, लग्नाचे आचारी. बापाने भजनाची वही पुढे ठेवून आपली मराठी अक्षरं तेवढी शिकवली. मरुदानल्लूरच्या मठात भजनाला बसलो की माझी वही उघडी असायची, कुणाला शंका येत नसे. बाहेरचा सगळा मुलूख मात्र तमिळ अक्षरांचा. म्हणून हेही मी आपल्याच अक्षरांत लिहितो आहे. आमची मराठी तुम्हाला जुनी वाटली तर वाटू दे. वाचता येत नाही हे मी जन्मात कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा चष्म्याचं निमित्त सांगत आलो. एकट्या मामनारला ठाऊक होतं, आणि ज्याला आपलं गुपित ठाऊक असतं त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

तर पुस्तक आलं. तमिळमध्ये. महिनाभरात गावात जो तो तेच बोलायला लागला. मालिकांत मी अकरा वेळा मेलो, असं त्याने लिहिलं होतं, त्यात दोनदा एकाच दिवशी, म्हणून दुपारचं जेवण तिरडीवरच उरकलं. पडद्यावर एवढ्या सुनांना छळलं की मुलाला पोरगी मिळेना. एका बाईने त्याला बसमध्ये जागा दिली नव्हती, सुनेला उपाशी ठेवणारा माणूस जरा उभा राहू दे म्हणाली होती. पुस्तक वाचून तीच बाई भांडायला त्याच्या घरी गेली आणि जेवून परत आली. असं सगळं. मी कॉफीच्या दुकानात शिरलो की हसणं थांबतं असं मला वाटायला लागलं. आपल्याबद्दल याने काय लिहिलंय? विचारू कुणाला?

त्याने मला एक प्रत धाडली. आत माझ्या नावाने काहीतरी चार ओळी. वाचता येत नाही त्याला पुस्तक पाठवायचं, हा काय प्रकार? मी ते तीन दिवस तांदळाच्या पिंपावर पडू दिलं. चौथ्या दिवशी सुनेला म्हटलं, चष्मा सापडत नाही, जरा वाच. ती तोंडाला पदर लावून वाचत होती. एके ठिकाणी तिने दोन पानं एकदम उलटली.

"का उलटलीस?"

"चिकटली होती, मामा."

मी पुस्तक हातात घेऊन पाहिलं. खरंच चिकटली होती. पाण्याचं बोट लावून सोडवली, पुढे वाच म्हटलं, आणि निघालं ते सुंदरपेरुमाळ कोयिल गावचं लग्न.

पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. बाप अंथरुणाला खिळलेला, आणि पहिलंच लग्न माझ्या एकट्याच्या हाती. मामनार तेव्हा पंक्तीत वाढायला आमच्याबरोबर यायचा. नवरीच्या काकांनी रस्ता आणि घर कोणतं ते चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चिठ्ठी माझ्या कनवटीला. आगगाडीतून उतरलो तर गावात एकाच मुहूर्ताची दोन लग्नं, उत्तरेच्या आळीत एक मांडव, दक्षिणेच्या आळीत एक. मामनार म्हणाला, अण्णा, चिठ्ठी बघू. मी म्हटलं, मला वाचता येतं. चिठ्ठी उघडली, चांगली निरखून पाहिली, घडी करून परत खोचली आणि दक्षिणेच्या मांडवात शिरलो. तिथलेही आचाऱ्यांची वाटच पाहत होते. या, या, म्हणाले. आम्ही चुली पेटवल्या. त्यांचे खरे आचारी पाठोपाठ बैलगाडीने आले, पेटलेल्या चुली पाहिल्या आणि आपल्याला डावललं म्हणून रुसून तसेच परत गेले. दुसऱ्या दिवशी पंगत बसली तेव्हा उत्तरेच्या मांडवातला माणूस आमच्याकडे दही मागायला आला आणि मला ओळखून उभाच राहिला. तिकडे वऱ्हाडाला केळी आणि दहीभात वाढला होता. नवरीचा बाप व्याह्यांपुढे हात जोडून उभा होता.

उत्तरेच्या लोकांनी मला जाब विचारला. मी छाती काढून सांगितलं, चिठ्ठीत दक्षिण आळी लिहिली होती. चिठ्ठी कुठे आहे? चुलीत गेली. ती मीच घातली होती.

मामनारच्या पुस्तकात हे सगळं होतं, बैलगाडी, दही, केळी. फक्त चिठ्ठी त्याच्या खिशात होती. अण्णांनी दोनदा मागितली, पण मी शिकलेला, ऐटीत न बघताच सांगितलं की दक्षिण आळी, असं त्याने लिहिलं होतं. सून हसून हसून लाल झाली. मी नाही हसलो. पहिल्यांदा वाटलं, चोर आहे. माझी गोष्ट चोरली. मग वाटलं, दया करतोय. कुठलं जास्त वाईट, ते ठरेना.

पुढच्या महिन्यात गावातल्या सभेत त्याचा सत्कार ठेवला. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. वाचक उठून बोलत होते, हशा चालला होता. मग एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या. ती नवरी मीच, म्हणाल्या. माणसं हसायला लागली, त्यांनी हात वर केला.

"माझ्या काकांनी चुकीची चिठ्ठी लिहिली म्हणून अप्पांनी आपल्या भावाशी बोलणं सोडलं. एका भिंतीची दोन घरं. काका शेवटपर्यंत सांगत राहिले, मी बरोबर लिहिलं होतं. अप्पा त्यांच्या मातीलासुद्धा गेले नाहीत. आज तुम्ही हे हसायला लिहिता?"

मामनार व्यासपीठावरून खाली आला. त्याने त्यांच्यापुढे हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाला, चूक माझी, अम्मा, काकांची नाही. कसलाही अभिनय नव्हता. मी ओळखतो ना त्याचा अभिनय. त्या ऐकवत राहिल्या, तो ऐकत राहिला. मी उठलो नाही. माझे गुडघे दुखतात, पण उठलो नाही ते त्यामुळे नव्हे.

तो लगेच चेन्नईला निघाला होता. गाडीपाशी मी त्याला गाठलं. म्हटलं, माझ्यावर दया करायला तुला कोणी सांगितलं?

"एका पुस्तकात मूर्ख एकच असावा, अण्णा. दोन झाले की लोक हसत नाहीत."

"थट्टा पुरे."

तेव्हा तो थट्टेचं तोंड टाकून बोलला. त्या काकांचं नाव मला धुवून द्यायचं होतं, म्हणाला, कुणीतरी सांगायला हवं होतं.

"आणि तू सांगणार नव्हतास, अण्णा."

एवढं बोलून गाडीत बसला. काच खाली करून हात हलवला. मी हलवला नाही. पोंगलच्या आधीच तो गेला. ते शेवटचं वाक्य त्याने मला डिवचायला म्हटलं की खरं म्हणून म्हटलं, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही असेल. त्याचा भरवसा नव्हता.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेली वेष्टी नेसलो आणि पहिल्या गाडीने सुंदरपेरुमाळ कोयिलला उतरलो. त्या बाई बापाच्याच घरात राहत होत्या, उत्तरेच्या आळीत. दारात रांगोळी घालत होत्या. मला पाहून म्हणाल्या, पुस्तकवाल्यांकडून आलात तर परत जा. मी म्हटलं, नाही, मी आचारी. चिठ्ठी त्याच्या खिशात नव्हती, माझ्या कनवटीला होती. काकांनी बरोबर लिहिलं असणार. मी वाचलीच नाही. मला तमिळ वाचता येत नव्हतं, अजून येत नाही. चुलीत मीच घातली.

बाईंनी रांगोळीची करवंटी खाली ठेवली. मी शिव्या खायला तयार होऊन आलो होतो. शेजारच्या, काकांच्या घराला कुलूप होतं, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग ओट्याकडे बोट दाखवून मला बसायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तिकडे, दक्षिणेच्या मांडवात, काय काय वाढलं होतं?"

मी बसलो, आणि केळीच्या पानाच्या डाव्या टोकाच्या मिठापासून सांगायला लागलो.