सर्व्हर नवा झाला, चार नंबर जुनी ठरली

लेथखालचा बुरादा सकाळी झाडून काढला तरी सुट्टीचा भोंगा होईपर्यंत पुन्हा घोट्याएवढा साचतो. आमच्या कंपनीतल्या सर्व्हरच्या किश्शांचं तसंच आहे. एक सांगून मोकळं व्हावं, तर तोवर नवं व्हर्जन आलेलं असतं आणि त्याच्या मागोमाग नवा किस्सा. मी शाळेची पायरी चढलो नाही, मराठी अक्षरं कामावर येऊन शिकलो. तेव्हा जरा सावकाश सांगतो. रागही मला सावकाशच येतो, पण आला की लवकर जात नाही.

आमची कंपनी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, पंपाचे पार्ट बनवणारी. छोटीच. ऑफिसात कपाटाशेजारी एक काळा डबा आहे, तो सर्व्हर. डिझाइनची पोरं वर बसून प्रोग्राम बनवतात आणि त्या डब्यात ठेवतात. खाली आम्ही मशीनवरून तो प्रोग्राम ओढून घेतो आणि पार्ट कापतो. डब्यात जे सॉफ्टवेअर आहे त्याचं काम इतकंच, इकडची फाईल तिकडं द्यायची. पोस्टमनचं काम. आता पोस्टमननं दर दोन महिन्यांनी टोपी बदलावी, रस्ता बदलावा, आणि पत्र नाही पोचलं की घरमालकाला दोष द्यावा, याला काय म्हणायचं?

मी चार नंबरच्या मशीनवर असतो. ती ट्रकमधून उतरली त्या दिवसापासून. तिचा कॉम्प्युटर तिच्या पोटातच बसवलेला आहे, तो बदलायचा म्हणजे मशीनच बदलायची. त्यामुळं दर नव्या व्हर्जननंतर आमचे सुपरवायझर देशमुख साहेब तेच वाक्य बोलतात, "मामा, ही आता भंगारात द्यायला पाहिजे." ती गेली की माझ्या वयाच्या माणसाला दुसऱ्या मशीनवर कोण उभं करणार? साहेब फक्त मशीनचं नाव घेतात, पण जाणार दोघं, हे मला कळतं.

*

पहिला किस्सा पासवर्डचा. एका व्हर्जननंतर फर्मान आलं की पासवर्ड बारा अक्षरांचा पाहिजे, त्यात एक आकडा, एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह. चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चार नंबरच्या बटणांवरची अक्षरं तेलानं पुसून गेलीत. मी एकेक बटण चिठ्ठीशी ताडून दाबतो. आठव्या-नवव्या अक्षराला पोचलो की स्क्रीन कोरी. पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं आणि मग सर्व्हर काही केल्या बोलेचना.

देशमुख साहेब आले. "मामा, मशीन बंद का?"

"सर्व्हरनं मला तासभर बंदी घातली, साहेब."

"कशाबद्दल?"

"हळू असल्याबद्दल."

त्यांना ते खोटं वाटलं. पण कॉम्प्युटरवाले निखिल साहेब फोनवर म्हणाले की बरोबर आहे. एका मिनिटात पासवर्ड टाकला नाही तर बाहेर काढायचं, तीनदा झालं की तासभर दार लावायचं, असं नव्या व्हर्जनमध्ये आहे. चोरांसाठी केलंय.

आमच्या स्टोअरमध्ये सुनीताताई आहेत. मी त्यांना म्हटलं, "ताई, चोर कधी हळू असतो का?"

"नाय ओ मामा," ताई म्हणाल्या. "चोराला तर लई घाई असती."

*

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरली. प्रत्येक व्हर्जनबरोबर एक कागद येतो, काय काय बदललं त्याची यादी. इंग्रजीत असते. ऑफिसात ती येते तशी पडून राहते. मी जेवणाच्या सुट्टीत ती सुनीताताईंकडून मराठीत सांगून घ्यायला लागलो. त्या वाचतात, मी ऐकतो, न कळलेलं पुन्हा विचारतो. बाकीचे डबा खाता खाता टोमणे मारतात, "बसा रे, मामांची पोथी लागली."

लागू दे. ज्याला वाचता येतं तो म्हणतो, नंतर वाचू. ज्याला येत नाही त्याला आत्ताच विचारावं लागतं.

*

एकदा मी तीन नग वाया घालवले. चूक माझ्या हातून झाली, नाकारत नाही. पण कशी झाली ते ऐका. डब्यातली यादी चार नंबरच्या स्क्रीनवर दिसते तेव्हा सगळ्यात नवा प्रोग्राम सगळ्यात वर असायचा. वर्षानुवर्षं तसंच. मी वरचा घ्यायचो. नव्या व्हर्जननं यादी उलटी केली. सगळ्यात जुना वर. मी सवयीनं वरचा घेतला आणि बंद झालेल्या डिझाइनचा पार्ट कापला. एक नाही, तीन.

देशमुख साहेबांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं मला. "डोळे तपासून घ्या, नायतर घरी बसा," इथपर्यंत. मी मान खाली घातली. तिसरा नग अजून हातात गरम होता.

आठच दिवसांत पुढचं व्हर्जन आलं. कागद आला, सुट्टीत ताई वाचायला बसल्या. तिसऱ्या ओळीवर थांबल्या. "मामा, इथं लिहिलंय, मागच्या व्हर्जनमध्ये यादीचा क्रम न सांगता बदलला होता, लोकांना त्रास झाला म्हणून तो बदल परत घेतला."

मी जेवण तसंच ठेवलं. हात धुतले आणि सरळ केबिनमध्ये गेलो. "साहेब, त्यांनी त्यांचा बदल परत घेतला. तुमची बोलणी राहिलीत अजून माझ्याकडं. ती पण परत घ्या."

साहेबांनी बोलणी परत घेतली नाहीत. पण चहा सांगितला. मी तो प्यायलो नाही.

*

आता घड्याळाचं ऐका. एका सकाळी देशमुख साहेब कागद फडकवत आले. कोणी कधी प्रोग्राम घेतला त्याची सर्व्हरनं छापलेली नोंद.

"मामा, रात्री अडीच वाजता कंपनीत काय करत होता?"

मी म्हटलं, "साहेब, अडीच वाजता मी मुकुंदवाडीत माझ्या घरी घोरत होतो. बायकोला विचारा."

"हे बघा, दोन तीसला चार नंबरनं प्रोग्राम घेतला. कागद खोटं बोलतो का?"

गेटवरचं रजिस्टर आणलं. त्यात माझी सही सकाळी पावणेआठची. तरी साहेबांचा विश्वास कागदावर. का, तर तो कॉम्प्युटरनं काढलेला. चाळीस वर्षं मी सकाळी वेळेवर येतोय, त्याला किंमत नाही. डब्यानं एकदा सांगितलं, त्याला आहे.

सुनीताताईंनी नुकतीच आलेली, अजून न वाचलेली यादी काढली. त्यात होतंच, यापुढे सगळ्या वेळा जागतिक वेळेप्रमाणे दाखवल्या जातील. आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं.

"जागतिक म्हणजे कुठली, ताई?"

"विलायतेची."

"आपला माल तिकडं जातो का?"

"कुठला जातो. आपला माल पैठण रोडला जातो."

तरी साहेबांचं चालूच, की मामा, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. तेव्हा अकरा वाजले होते. मी बोटांवर मोजलं आणि म्हटलं, "साहेब, या सर्व्हरच्या हिशोबानं आत्ता पहाटेचे साडेपाच झालेत. तुम्ही अजून घरी झोपलेले आहात. मग मघापासून मला बोलतंय कोण?"

*

याच्या पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

वरून प्रोग्राम डब्यात जात असताना लाईट गेली. फाईल अर्धीच पोचली. आधीचं व्हर्जन अशी अर्धी फाईल फेकून द्यायचं. नवं व्हर्जन ती ठेवून देतं, त्याच नावानं, पूर्ण असल्यासारखी. लाईट आली. सात नंबरनं ती उचलली. सात नंबर नवी कोरी, काचेच्या दाराची. तिचं असं की प्रोग्राम येत जातो तसतशी ती कापत जाते. अर्ध्यात प्रोग्राम संपला आणि टूल फिरत फिरत नगातच रुतून बसलं. असा आवाज झाला की मशीनची सगळी शॉप दचकली. टूल तुटून दारावर आदळलं. दार होतं म्हणून ऑपरेटरचा चेहरा वाचला.

तीच फाईल मीही घेतली होती. पण चार नंबर आधी सगळा प्रोग्राम पोटात घेते, शेवटची खूण सापडली तरच सुरू होते. खूण नव्हती. तिनं लाल दिवा लावला आणि हललीच नाही.

संध्याकाळी बिघाडाची वही मालकांकडं जाते. मी ताईंना म्हटलं, काय लिहिलंय ते वाचा जरा.

सात नंबरपुढं लिहिलं होतं, "लाईटमुळे नुकसान." चार नंबरपुढं लिहिलं होतं, "काम करण्यास नकार. मशीन जुनी."

जी माणसाचं तोंड फोडणार होती ती दुर्दैवी, आणि जिनं हात आवरला ती जुनी. ताईंनी वही मिटली.

*

त्या वहीवरच सगळं येऊन ठेपलं. पुढचं व्हर्जन आलं आणि चार नंबरला सर्व्हरनं दारातसुद्धा उभं केलं नाही. तीन दिवस मशीन बंद. निखिल साहेब स्वतः आले, लॅपटॉप उघडून बसले, आणि मालकांना सांगितलं, "सर, आता फाईल कुलूप लावून जाते. ही मशीन जुनी आहे, तिला कुलूप उघडता येत नाही. उपाय नाही."

मालकांनी वही पाहिली, मशीन पाहिली. देशमुख साहेब म्हणाले, "मी तर कधीचं म्हणतोय." आणि शहागंजच्या रशीदभाईंना फोन गेला. रशीदभाई म्हणजे भंगारवाले, अर्ध्या एमआयडीसीच्या मशीना त्यांनीच उचलल्या आहेत.

सुनीताताई बहिणीच्या लग्नाला पैठणला गेल्या होत्या, त्यामुळं या वेळी कागद वाचायचा राहिला होता. चौथ्या दिवशी त्या फाटकातून आत आल्या तेव्हा रशीदभाईंचा टेम्पो शॉपला पाठ लावून उभा होता. चार माणसं चेनपुली बांधत होती, आणि मालक व लॅपटॉप घेतलेले निखिल साहेब बाजूला उभे होते. मी मशीनवरचं माझं फडकं आणि चष्म्याचं घर काढून घेत होतो.

ताईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "मामा, यादी कुठंय?"

"ऑफिसात असंल. कोण वाचतंय?"

त्या वर गेल्या आणि कागद घेऊन आल्या. तिथंच, टेम्पोच्या फाळक्याला टेकून, बोट ठेवून वाचायला लागल्या. मी ऐकत होतो. रशीदभाईंची माणसंही पुली सोडून ऐकायला लागली. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर ताई म्हणाल्या, "हे बघा. ज्या जुन्या मशीनला कुलूप उघडता येत नाही, तिचा नेटवर्कवरचा पत्ता सर्व्हरच्या यादीत लिहून द्या, तिला पहिल्यासारखी फाईल मिळेल. फक्त मशीन आणि सर्व्हर एकाच कंपनीच्या आतल्या वायरवर पाहिजेत."

"आपली वायर तर जिन्याखालून येती," मी म्हटलं.

मालक निखिल साहेबांकडं बघायला लागले. निखिल साहेब लॅपटॉपकडं. त्यांनी कुठंतरी चार नंबरचा पत्ता लिहिला, एक खूण केली. मी चष्मा पुन्हा चढवला, चेन बाजूला सारली आणि बटण दाबलं. यादी आली. प्रोग्राम घेतला. टूलवर पाण्याची धार सुरू झाली आणि चार नंबर कापायला लागली.

मालकांनी शांतपणे विचारलं, "निखिल, हा कागद तू वाचला नव्हतास?"

"सर, हे कोणीच वाचत नाही."

एवढा वेळ रशीदभाई हातात दोर घेऊन बाजूला उभे होते. ते दोन पावलं पुढं आले. चार नंबरकडं बघितलं, मग निखिल साहेबांकडं, मग मालकांकडं, आणि आपल्या नेहमीच्या अदबीनं म्हणाले,

"साब, टेम्पो खाली तो मैं वापस ले जाता नै. बोलो, उठाऊं किसकू?"

निखिल साहेबांनी लॅपटॉप मिटला आणि काखेत घेतला.