चादरीची पलीकडची कड

हॉटेलात उतरणारे लोक हॉटेल निवडताना खिडकीतून काय दिसतं, नाश्त्याला काय मिळतं, ते बघतात. गादी केवढी जड आहे हे बघतात ती उचलणाऱ्या बायका. थोरली आणि धाकटी या दोघी सख्ख्या जावा. एकोणीस वर्षं त्यांनी शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात गाद्या उचलल्या. सहा मजले, पाऊल रुतेल असे गालिचे, झुंबरं, पितळी नळ आणि एकेका पलंगावर सात-सात उशा. माणसाला डोकं एकच असतं, हे त्या मालकाला कुणी सांगितलं नसावं.

तिथं खोल्या जोडीनं करायची पद्धत होती. पलंगाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. थोरली चादर झटकून फेकायची, धाकटी पलीकडची कड धरायची, मग कोपरे खोचायचे. गेली चार वर्षं त्यात एका गोष्टीची भर पडली होती. आरशावर बोट उमटलेलं राहिलं, गालिच्यावर केस राहिला, की धाकटी जवळच्या लाकडावर बोटानं दोनदा टकटक करायची. आवाजाच्या रोखानं थोरली जायची आणि राहिलेलं पुसून घ्यायची.

थोरलीची नजर कडेकडेनं जात चालली होती. डोळ्याची नस वाळतेय, गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. घरी नवरा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. नोकरी गेली तर चूल थंड. म्हणून हॉटेलात तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. धाकटीला सगळं ठाऊक होतं, पण त्यावर दोघींनी कधी अवाक्षर काढलं नाही. धाकटी विधवा, मूलबाळ नाही, थोरलीच्याच घरात राहणारी आणि जिभेची फटकळ. "जाऊबाई, हाताला गंज चढला की काय तुमच्या?" एवढं म्हणायची आणि टकटक करायची.

त्या वर्षी धाकटीला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. दोन मजले चढली की भिंत धरून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, गालिच्यांची धूळ छातीत बसलीय. ते काम सोडा, नाहीतर काम तुम्हाला सोडणार नाही. धाकटी हसली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, काम सोडून खाऊ काय? तुमच्या गोळ्या?"

अशात मोठ्या हॉटेलातून बाहेर पडलेल्या सुपरवायझर बाईंचा थोरलीला फोन आला. त्या आता नदीपलीकडच्या एका नव्या, छोट्या हॉटेलाच्या मॅनेजर झाल्या होत्या. "मावशी, मला एक बाई हवीय. एकच. तुम्ही या नाहीतर धाकटीला पाठवा. आधी बघून तर जा."

थोरली सुट्टीच्या दिवशी बघून आली. आठच खोल्या. भिंती पांढऱ्या, पलंग पांढरा, फरशी पांढरी. एक स्टूल, एक खुंटी, बाकी काही म्हणजे काही नाही. अशा खोलीला लोक मोठ्या हॉटेलाएवढे पैसे मोजतात याचं तिला हसू आलं. गालिचा एकही नव्हता. खिडक्या सताड उघडत होत्या आणि झाडांवरून गार वारा येत होता. घाई नाही, जिने नाहीत. त्या पांढऱ्यात पांढरं तिला दिसेना. स्टुलावर नडगी आपटली. इथं आपला एक दिवस निभावणार नाही हे तिला कळलं. आणि ही जागा धाकटीसाठीच केल्यासारखी आहे, हेही तितकंच स्वच्छ कळलं.

"कळवते," असं मॅनेजर बाईंना सांगून ती निघाली. वाटेत तिच्या मनात एकच घोळत होतं. धाकटी इथं आली, की तिकडं टकटक कोण करणार? नवी जोडीदारीण आठ दिवसांत ओळखेल, पंधरा दिवसांत वरपर्यंत पोचवेल.

घरी धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली. "काय जाऊबाई, कसं आहे?"

"कसलं काय! नुसता भपका," थोरली चपला काढता काढता म्हणाली. "भिंतींना ओल आहे, रंगाचा वास मारतोय. तुझ्या छातीला तर विषच. आपलं आहे तेच बरं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग हातातली घडी पुरी करून म्हणाली, "बरं झालं, तुम्ही बघून आलात ते."

धाकटीनं आणखी सात महिने काम केलं. शेवटी शेवटी खोकला इतका यायचा, की टकटक करायला ती पलंगाची कड धरून वाकायची. पण टकटक चुकली नाही. एका दुपारी चौथ्या मजल्यावर ती गालिच्यावरच बसली ती उठली नाही. दवाखान्यात तीन दिवस काढले आणि गेली.

थोरलीला नवी जोडीदारीण मिळाली. अकराव्या दिवशी एका पाहुण्याचा चष्मा पलंगावर पडला होता, त्यावरच थोरलीनं जाड पांघरूण अंथरलं आणि वरून थापटून घडी बसवली. काच फुटली. चौकशी झाली, डोळे तपासले गेले. एकोणीस वर्षांचा निरोप ऑफिसातल्या एका खुर्चीवर दहा मिनिटांत उरकला.

बातमी ऐकून मॅनेजर बाई घरी भेटायला आल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "मावशी, एक विचारू? तुम्ही आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी धाकटी येऊन गेली होती."

थोरलीनं हातातला पेला चाचपत खाली ठेवला.

"आठही खोल्या फिरली. खिडकीपाशी किती तरी वेळ उभी होती, खोकलीसुद्धा नाही. मी म्हटलं, उद्यापासून ये. तर म्हणाली, उद्या जाऊबाई बघायला येतायत. त्या चांगलं आहे म्हणाल्या तर येईन, नाहीतर नाही. मी वाट बघत राहिले. तुम्ही तिला सांगितलंत तरी काय?"

"सांगितलं, तिथं ओल आहे."

"ओल?" बाई बुचकळ्यात पडल्या. "आमच्याकडे कुठं ओल आहे हो, मावशी?"

"नाही," थोरली म्हणाली. "तिलाही ठाऊक होतं."