मुठीची बाही

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही नवरा-बायकोने मिळून एक जुनी गोधडी उसवली. आतल्या लुगड्याचा काठ तिला हवा होता. एक टोक तिच्या पायाच्या अंगठ्यात, दुसरं माझ्या हातात. मी जोरात ओढलं की म्हणायची, "गोधडी शे ती, बैल नही." काठ निघाला. तिने त्याची गुंडाळी केली, मी तंबाखू मळली. बोलणं एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भिंतीला टेकून बसली आणि उठलीच नाही.

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात माझ्या बायकोला सगळे झगेवाली म्हणत. मीही तेच म्हणायचो, नाव कधी घेतलं नाही. शिवणं हा आमच्या घराचा धंदा नव्हता. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचो, दुसरीपर्यंत शिकलेला, त्यामुळे हे लिहिताना अडखळतोय. तिला लिहायला येतच नव्हतं. पण घरातलं माणूस बघितलं की त्याचा झगा तिला दिसायचा. तसा झगा मग ती चिंध्याबिंध्यांतून उभा करायची.

माझ्या आईचा झगा तिने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शिवला. घेरदार, आणि घेराला वीसेक खिसे. सगळ्या खिशांची तोंडं शिवून बंद. आईने शेजारणीला कधी चिमूटभर साखर दिली नव्हती, गावाला ते ठाऊक होतं. तो झगा बघून आई म्हणाली, "माले सून नही, सोंगाडी भेटनी." थोरल्या भावाचा, नानाचा, सदरा शिवला तो पाठीवर बटणांचा. नाना तोंडावर गोड आणि पाठीमागे बोलणारा. तो स्वतःच हसला, कारण त्याला कळलं नाही.

हे झगे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बाहेर निघत. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात. पोरी गौराई बोळवायला नदीवर जातात, त्यांच्यातली एखादी झगेवालीचा झगा घालून गड्याचं सोंग घेते. पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या बाया असतात. आधी शिव्या, मग गोटे. बाप्यांनी तिकडे जायचं नाही. वर्षभर मार खाल्लेल्या बाया त्या एका दिवशी मारतात, आणि नेम धरून मारतात. झगेवालीची डावी भुवई त्यातच फुटली होती. रक्त पुसायचं सोडून ती पुढचा गोटा शोधत होती, असं शेजारीण सांगायची.

माझाही झगा निघाला. मी बायकोला मारायचो. भाजीत मीठ जास्त, मारलं. मुकादमाने मला शिवी दिली, घरी येऊन तिला मारलं. एका आखाजीला सोंगाच्या पोरीच्या अंगात सदरा होता, त्याची उजवी बाही गुडघ्यापर्यंत लांब, आणि बाहीच्या टोकाला सरकी-कापूस ठासून भरलेली नारळाएवढी मूठ. पोरगी ती मूठ गरगर फिरवत गावातून गेली. कोणाला विचारावं लागलं नाही की हा कोण. संध्याकाळी मी झगेवालीला दोराने मारलं. सुमन, आमची एकुलती पोर, तेव्हा सहा वर्षांची. कणगीआड बसून बघत होती.

पुढच्या आखाजीला बाही वीतभर वाढली. मी विचारलं, हे काय. शिलाईची मशीन थांबवली नाही, तशीच म्हणाली, "जितलं मारशात, तितली वाढी ती." तिसऱ्या वर्षी मूठ धुळीत घासत जिनिंगच्या दारावरून गेली. सगळे हमाल हसले. एक म्हणाला, "भाऊ, तुझी बाही गोळा कर, गाठीत दाबली जाईल." त्यानंतर मी हात उचललाच नाही असं नाही, खोटं कशाला लिहू. पण उचलताना ते हसणं ऐकू यायचं आणि हात जड व्हायचा.

माप घ्यायला तिला टेप लागत नसे. घरातल्या प्रत्येकाची एक सुतळी, आणि सुतळीवर गाठी. ही खांद्याची, ही दंडाची, ही मनगटाची. सुमनला पहूरला दिली, तेव्हा तिची सुतळी मात्र पाठवली नाही, खुंटीवर ठेवली. लग्नानंतरच्या चौथ्या आखाजीला सुमन आली, तर झगेवालीने हौसेने माप घ्यायला सुतळी काढली. दंड सुजलेला, दंडाची गाठ दंडाला पुरेना. सुमन म्हणाली, ओट्यावरून पडले. झगेवालीने तिच्या पोलक्याची बाही वर केली.

"पडेल मानूसना दंडवर पाच बोटं उमटतस का?"

सुमनने बाही खाली ओढली. मीच बोललो. म्हटलं, "भांड्याला भांडं लागतं. चार दिवस राहू दे, मग जाईल नांदायला." झगेवालीने माझ्याकडे बघितलं आणि सुतळी पुन्हा खुंटीला लावली.

चार दिवसांनी जवाई न्यायला आला. ट्रॅक्टर चालवणारा, अंगाने दांडगा. सुमन पिशवी भरायला वेळ लावत होती, तर त्याने अंगणातच तिची वेणी धरली आणि ओढली. झगेवाली मोरीपाशी कपडे धूत होती. हातात कपडे बडवायची मोगरी होती. तिने आवाज केला नाही. पहिला घाव गुडघ्यावर, तो खाली बसला. दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्यात बसणार, तेवढ्यात मी मागून तिला कवळ घातली. तिला धरलं. जवायाला नाही. ती माझ्या मनगटाला चावली, रक्त निघेतो चावली, पण मी सोडलं नाही. तशीच माझ्या हातांत अडकून, लेकीकडे मान करून ती त्याला म्हणाली, "मन्ही आंडेर शे ती, तुन्हं ढोर नही."

तो लंगडत गेला. हळद लावून माझं मनगट बांधताना ती एवढंच बोलली, "धरानं व्हतं ते त्याले धरानं व्हतं."

सुमन राहिली. सहा वर्षं. गावात मी मान खाली घालून चालायचो, माझी बायको ताठ. मायलेकी दुपारभर झगे करत. मोराच्या पिसाऱ्याचा, केळीच्या पानांचा, एक तर जुन्या छत्र्यांच्या कापडाचा, बसलं की फुगणारा. धुळ्याच्या एका शाळेने गॅदरिंगसाठी नेले. पैसे देऊ केले, तर म्हणाली, पोरींनी घातले, झालं. जवाई त्या सहा वर्षांत दोनदा आला. ती मोगरी घेऊन ओट्यावर बसायची, तो फाटकावरून परतायचा. मी दोन्ही वेळा शेतात निघून गेलो.

ती गेली त्या दिवशी जवाई पहूरहून त्याच्या मामाला घेऊन तिन्हीसांजेच्या आत पोचला. खांदाही दिला. नदीवरून आल्यावर ओट्यावर माणसं बसली. नाना म्हणाला, "बाई माणूस ऱ्हायनं नही घरमा. तरणी पोर, लोकांची तोंडं कोण धरी? पाव्हना ईसन बसेल शे, धाडी दे." चार जणांनी माना हलवल्या. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. सुमन दाराआडून ऐकत होती. तिने माझं गप्प बसणं ऐकलं आणि पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उंबऱ्यापाशी होती. बस नऊची. जवाई म्हणाला, "आबा, सुमनले घेऊन जातो. इथं आता कोन हाय तिचं?" सुमन आत वळून आईच्या मशीनीकडे बघत थांबली होती. "चाल ना," म्हणत त्याने तिचा दंड धरला. तोच दंड.

मी उठलो. हात वर गेला. चाळीस वर्षं गाठी उचललेला हात, तो त्याचं तोंड फोडणार होता. तर सुमनने कोपर तोंडापुढे घेतलं आणि भिंतीला चिकटली. दंड त्याने धरला होता, आणि भ्यायली ती मला.

हात खाली आणायला मला वेळ लागला. मग म्हटलं, "पाव्हना, दंड सोड."

त्याने नानाकडे बघितलं. नाना चपला शोधत होता.

"सोड. ती येणार नाही. पुन्हा यायचं झालं तर मी शेतात जाणार नाही, घरातच असेन."

त्याने सोडला. मामा काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही. मी पिशवी उचलून आत मशीनीशेजारी ठेवली आणि उंबऱ्यावर येऊन बसलो, फाटकाकडे तोंड करून. दोघं गेले. बसचा भोंगा वाजला, बस गेली. मागे सुमन अजून भिंतीलाच होती. तिच्याकडे वळावंसं फार वाटलं. वळलो नाही. माझा चेहरा दिसला असता तर तिचं कोपर पुन्हा वर गेलं असतं. म्हणून पाठ तिच्याकडे करून, दोन्ही हात मांडीखाली दाबून, ऊन अंगणात येईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.