नायकाचं बसणं

बाजेवर आपल्या शेजारी उघडा तळवा दोनदा थोपटायचा आणि म्हणायचं, "बोलून झालं ना साब? मंग बसा थोडंसं." नायकाची आणि माझी पहिली भेट अशी झाली. पुढच्या पाच वर्षांतल्या बहुतेक भेटीही अशाच.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी नवाकोरा ग्रामसेवक, फुलसावंगीच्या बाजूला नेमलेला. सायकलच्या मागे बॅटरी, पुढे भोंगा आणि मध्ये मी. तिघांत जास्त आवाज कोणाचा, हे सांगणं कठीण होतं. माझ्या हद्दीत एक तांडा होता. एके काळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरणारी ही माणसं आता कापूस आणि ज्वारी पिकवत. त्यांना मी पहिल्याच दिवशी जपानी पद्धतीची भातशेती पाऊण तास समजावून सांगितली. प्रशिक्षणात तीच शिकवली होती, मी तरी काय करणार? सगळ्यांनी निमूट ऐकून घेतलं. मग तांड्याच्या प्रमुखानं, म्हणजे नायकानं, बाज थोपटली. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, पागोटं किंचित कलतं.

मी बसलो. मी खाकरलो, घड्याळ पाहिलं, उन्हाबद्दल एक वाक्य बोललो. ते वाक्य कोणी उचललंच नाही. तुम्हाला यात काही विशेष वाटत नसेल, तर एखाद्या माणसाशेजारी घटकाभर न बोलता बसून पाहा. पाच मिनिटांत अंगाला मुंग्या येतात.

नायकाचे न्यायनिवाडेही असेच. एकदा दोघे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडत आले. बैल कोणाचा, पीक कोणी खाल्लं, कोणाची बायको काय म्हणाली, सगळं ओरडून झालं. नायकानं दोघांना दोन बाजूंना बसवलं आणि स्वतः समोरच्या टेकडीकडे पाहत राहिला. बराच वेळ गेला. शेवटी थोरल्याला तंबाखूची तलफ आली आणि चुन्याची डबी होती धाकट्याकडे. त्यानं न बोलता हात पुढे केला, धाकट्यानं न बोलता डबी दिली. दोघं उठून गेले. मी विचारलं, "निकाल काय लागला?" नायक म्हणाला, "लागला ना. तुमी पाह्यला नाई काय?"

मला हे सगळं गमतीचं वाटे. खरं सांगायचं तर थोडं मागासलेलंही वाटे. माझं डोकं ठिकाणावर आणलं ते विहिरीनं.

तांड्याला पिण्याचं पाणी नव्हतं. उन्हाळ्यात बाया नाल्याच्या वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीनं घडा भरत. मी खटपट करून विहीर मंजूर करून आणली. गटविकास अधिकारी, म्हणजे आमचे बीडीओ साहेब, जीपनं आले. रस्त्यालगत एक मोकळा तुकडा होता, कोणी पेरत नव्हतं, वर पळसाची दोन झाडं. साहेबांनी तिथं काठी रोवली. मी सभेला विचारलं, "कोणाची हरकत?" कोणी बोललं नाही. मी लगेच रजिस्टरात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि जीप धुरळा उडवत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रमदान. मी नारळ, हार, कुदळी घेऊन हजर. तांड्यातून एक कुत्रं आलं, हार हुंगून परत गेलं. बस.

मी तणतणत नायकाकडे गेलो. "हरकत होती तर काल बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं अन् लगेच लिवलं," तो म्हणाला. "मंधात जागा कुठं होती, साब?"

मला राग आला होता. मी एवढंच सांगितलं की महिनाअखेर खणणं सुरू झालं नाही, तर विहीर दुसऱ्या गावाला जाईल, आणि मग किती वर्षं झिरा उकरावा लागेल ते मलाही माहीत नाही. नायकानं सगळ्यांना बोलावलं. मी पुन्हा एकदा विचारलं आणि या खेपेला रजिस्टर मिटून ठेवलं.

आम्ही बसलो. एक शेळी येऊन माझ्या पिशवीचा बंद चघळून गेली. रस्त्यावरून एक मोटार गेली, तिचा आवाज पार विरेपर्यंत ऐकू आला. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली आणि मी दहाही गिळली. तेव्हा मागून नायकाची बायको बोलली. तांड्यात सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई.

"तिथं माह्ये दोन लेकरं हायत."

तांडा पहिल्यांदा इथं उतरला त्या साली तापाची साथ आली होती. आठ दिवसांत दोन्ही गेली. त्या पळसांखाली पुरलेली, वर साधा दगडही नाही. साऱ्या तांड्याला माहीत होतं, फक्त मला आणि साहेबांना नव्हतं.

लोक उठल्यावर मी नायकाला म्हणालो, "पण लेकरं तुमचीही होती. तुम्हीच का नाही सांगितलं?"

"मी नायक हाय. म्या नाई म्हटलं असतं, तं लोक म्हणले असते, नायकाच्या दुखापायी पाणी गेलं. घडे याडी उचलते, लेकरं तिच्या पोटची. तिनंच बोलावं."

"अन् ती बोललीच नसती तर?"

"तं पह्यली कुदळ म्या मारली असती."

त्यानंतर त्या माणसाला मागासलेला म्हणायची माझी छाती झाली नाही. मी 'सर्वानुमते' खोडलं. जागा बदलली म्हणून बीडीओ साहेबांनी मला फैलावर घेतलं. मी आयुष्यात प्रथमच एक शब्द न बोलता उभा राहिलो. साहेब बोलून बोलून थकले आणि त्यांनी सही केली. विहीर तांड्याच्या वरच्या अंगाला झाली. मुरूम कठीण होता, तळहात सोलले, पण पाणी गोड लागलं. त्या वर्षी तांड्यात मी जितका सुखी होतो, तितका पुढे बढतीनंही झालो नाही.

बदली होऊन मी घाटंजीला आलो. बाजाराच्या दिवशी दोन भोंगे एकमेकांवर ओरडत, हॉटेलात रेडिओ, कचेरीत फोन. मी दुपारी थोडा वेळ दार लोटून नुसता बसू लागलो. शिपायाला वाटे, साहेबांची तब्येत बरी नाही. विचारल्यावर उत्तर द्यायला समोरच्याला वेळ द्यायचा, एवढी एक गोष्ट मी नोकरीभर सांभाळली. त्यामुळे माझी कामं उशिरा झाली, पण मोडली नाहीत.

नायक गेल्याचं बाजारात तांड्यातल्याच एका माणसाकडून कळलं. मी भेटायला गेलो. याडी विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं म्हणालो, "नायक फार कमी बोलायचे."

याडी हसली.

"तुमाले वाटे तसं. तीस साल त्यायनं लेकरायचं नाव घेतलं नवतं. त्या दिवशी म्या बोलली, अन् मंग रोज सांजच्याला सुरू. पोरगी कशी हासे, पोरगा कसा रुसे, कोन कोनावर गेलतं. मीच म्हणो, आता चूप बसा, मले भाकरी करू द्या."