बॉबिनची गुरगुर

टेबलाखालून आवाज येत नसला की शिंपीमास्तर मशीन थांबवून कान द्यायचे. आणि आवाज तर हल्ली कधीच येत नव्हता.

टेबलाखाली बॉबिन असायचा. पिल्लू असताना स्वतःच्या शेपटीमागे शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखा गरगर फिरायचा, म्हणून कुत्र्याचं हे नाव. बायको गेल्यावर मास्तरांच्या घरात तेवढाच एक जीव, त्यामुळे लाडाला तोटा नव्हता. खोड एकच. पुढच्या खोलीतल्या दुकानात गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की हा गुरगुरायचा. गिऱ्हाईक दचकायचं, श्वास ओढून धरायचं आणि छाती इंचभर फुगायची. मग शर्ट पोत्यासारखा व्हायचा आणि बोलणी मास्तरांना. असं दोन-तीनदा झाल्यावर मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी लाकडी पट्टी हाताशी ठेवली आणि गुरगुर ऐकू आली रे आली की "शूऽऽ!" म्हणून एक फटका. थोड्याच दिवसांत बॉबिन चिडीचूप झाला. मास्तर कौतुकाने सांगायचे, "माझा कुत्रा माणसांपेक्षा शहाणा. तोंडातून अवाक्षर काढत नाही!"

कसला शहाणा नि कसलं काय!

शेजारचा इस्त्रीवाला रोजचा येणारा. एकदा खाली पडलेला रुमाल उचलायला तो वाकला आणि बॉबिनने त्याचं मनगट धरलं. ना भुंकला, ना गुरगुरला. घड्या घातलेल्या कपड्यांवर रक्त सांडलं. इस्त्रीवाला भला माणूस. दवाखान्यातून मलमपट्टी करून, सुया टोचून घेऊन आला तो थट्टाच करू लागला.

"मास्तर, त्यापेक्षा वाघ पाळा. निदान डरकाळी तरी फोडतो."

मास्तरांना हसू आलं नाही. त्यांची लेक नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहायला यायची होती आणि सोबत नुकती रांगायला लागलेली नात. पोरीचं तोंड बरोब्बर बॉबिनच्या तोंडासमोर येणार होतं.

"बाबा, परत चावला तर?" लेकीने फोनवर विचारलं.

"तर तो या घरात राहणार नाही," मास्तर म्हणाले खरे, पण फोन ठेवल्यावर ताटातली पोळी त्यांनी बॉबिनपुढेच सरकवली.

शेवटी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

"आधी गुरगुरायचा का?" बाईंनी विचारलं.

"गुरगुरायचा तर! मी मोडली ती सवय."

"तिथेच घोळ झाला, मास्तर. मी घाबरलोय, जवळ येऊ नका, एवढंच सांगत होता तो. तुम्ही त्याचं सांगणं बंद केलंत. भीती तशीच राहिली, वर पट्टीची भर पडली."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी पट्टी माळ्यावर टाकली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे टेबलाखालच्या कोपऱ्याला जाळीचं दार बसवलं. आत असताना बॉबिनला कुणी हात लावायचा नाही, ओढून काढायचं नाही. गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच आत उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकायचा, म्हणजे माणूस आला की काहीतरी चांगलं मिळतं हे त्याला कळेल. तो ताठला, डोळ्यांतलं पांढरं दिसू लागलं, की माणसाला मागे सरकवायचं. आणि गुरगुरलाच, तर अजिबात रागवायचं नाही.

पण गुरगुरेल तर शपथ! अंडी खायचा, शेपूट हलवायचा, इस्त्रीवाल्याच्या हातूनसुद्धा तुकडा घ्यायचा. आवाज म्हणून नाही. गेलेला आवाज परत येईलच असं बाईंनीही सांगितलं नव्हतं. लेक आणि नात राहायला आल्या आणि मास्तरांची झोप उडाली. शिवताना एक डोळा सुईवर, एक जाळीच्या दारावर. परवाच एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या जोडल्या. गिऱ्हाईक नशिबाने सोशीक निघालं.

आणि नको तेच झालं. दुपारी लेक आत भांडी घासत होती, नात दुकानात मास्तरांपाशी रांगत होती. मास्तरांनी बॉबिनला पाणी ठेवलं आणि दाराची कडी नीट लागली की नाही ते पाहिलं नाही. मशीनवर बसताना त्यांच्या हातून लाल दोऱ्याचं रीळ सुटलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. नात खिदळत त्याच्यामागे. दार लोटलं गेलं.

मास्तर उठायला गेले आणि जागीच थिजले. बॉबिन कोपऱ्यात ताठ उभा होता, कान मागे, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. इस्त्रीवाला वाकला तेव्हाही असाच असणार. ओरडलं तर हा झेप घेईल, धावलं तर झेप घेईल. पोरीने हात पुढे केला.

गुर्रर्र.

बारीकसा, खरखरीत, गंजल्यासारखा आवाज. पोर हात आखडून मट्कन खाली बसली. मास्तर गुडघ्यांवर हळूहळू पुढे सरकले, झबल्याला धरून तिला बाहेर ओढलं आणि कडी लावली. बॉबिन जागचा हलला नव्हता. आता पट्टी बसणार, अशा नजरेने तो मास्तरांच्या हाताकडे बघत होता.

"शाबास रे माझ्या राजा," मास्तर म्हणाले.

लेक ओल्या हातांनी धावत आली, पोरीला उचलून चाचपू लागली. "बाबा, तो गुरगुरला! मी ऐकलं! आणि तुम्ही शाबासकी कसली देताय?"

"गुरगुरला गं," मास्तर म्हणाले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. "अगं, त्याने सांगितलं मला."